तेलाने नासलेली माती आणि वीज देणारे जिवाणू

धार आणि देवास ही नावे मराठी वाचकाला पवारांच्या संस्थानांमुळे ठाऊक असतात. देवास तर कुमार गंधर्वांच्या वास्तव्यामुळे अधिकच जवळचे. २०२५ साली मात्र धार जिल्हा देशभर चर्चेत आला तो वेगळ्याच कारणाने. १ जानेवारीच्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारातून ३३७ टन विषारी कचरा घेऊन बारा कंटेनर निघाले आणि सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर कापून दुसऱ्या दिवशी पहाटे धार जिल्ह्यातील पीथमपूरच्या औद्योगिक वसाहतीत पोहोचले. ३ तारखेला पीथमपूर बंद झाले, दगडफेक झाली, दोन आंदोलकांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. प्रकरण उच्च न्यायालयात होतेच, ते सर्वोच्च न्यायालयातही गेले. फेब्रुवारीअखेरीस चाचण्या सुरू झाल्या, तीन फेऱ्यांत ३० टन कचरा जाळण्यात आला. उरलेला ३०७ टन ५ मेपासून जूनअखेरपर्यंत ताशी कमाल २७० किलो या गतीने जाळून संपविण्यात आला.

या ३३७ टनांतील १६२ टन, म्हणजे जवळपास निम्मा भाग, ही निव्वळ माती होती. कारखान्याच्या आवारातून खणून काढलेली, चाळीस वर्षे रसायने मुरलेली माती. ती भट्टीत टाकावी लागली आणि दहनात चुना मिसळावा लागत असल्याने मागे उरलेली राख मूळ कचऱ्याहून जड भरली. आठशे टनांच्या वर. ती सुरक्षित कोठे ठेवावी, हा वाद त्यानंतर उभा राहिला.

भोपाळची जागा तेवढ्याने स्वच्छ झालेली नाही. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, अर्थात ‘नीरी’, आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांनी २०१० च्या सुमारास केलेल्या पाहणीत उपचार आवश्यक असलेल्या मातीचे प्रमाण सुमारे ११ लाख टन असल्याचे म्हटले होते. पीथमपूरच्या भट्टीत, त्याच गतीने, एक दिवसही न थांबता ती जाळायची ठरवली तर सुमारे ४६५ वर्षे लागतील. दूषित माती जाळून संपवणे हा थोड्या मालासाठीचा मार्ग आहे, हे या एका भागाकारातून स्पष्ट होते. मग मोठ्या क्षेत्रावर पसरलेल्या, विशेषतः तेलाने दूषित झालेल्या मातीचे करायचे काय? या प्रश्नाचे जे उत्तर गेली वीसेक वर्षे प्रयोगशाळांत आकार घेत आहे, ते ऐकायला काहीसे अद्भुत वाटते: मातीत राहणाऱ्या, तेल पचवणाऱ्या आणि ते पचवताना वीज निर्माण करणाऱ्या जिवाणूंकडे हे काम सोपवणे.

मातीचा कोंडलेला श्वास

खनिज तेल हे विष असले तरी जिवाणूंच्या दृष्टीने ते अन्नही आहे. कार्बन आणि हायड्रोजन यांच्या साखळ्यांनी बनलेले हे द्रव्य पृथ्वीवर कोट्यवधी वर्षांपासून झिरपत आले आहे आणि ते खाणारे सूक्ष्मजीवही तितकेच जुने आहेत. सरळ साखळ्यांचे रेणू ते आधी संपवतात, मग फांद्या असलेले, मग बेंझीन-टोल्युईनसारखी लहान वलये. अनेक वलये एकत्र जोडलेले रेणू रेंगाळतात आणि डांबरासारखा जड अंश बहुधा तसाच राहतो. समुद्रावर आलेल्या तेलगोळ्यांत उरतो तो हाच न खपलेला भाग. मे-जूनमध्ये गोव्याच्या किनाऱ्यावर अनवाणी चाललेल्या कोणालाही त्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

अन्न भरपूर असूनही मातीतील तेल वर्षानुवर्षे का टिकते, याचे मुख्य कारण ऑक्सिजन. तेल पचवायचे म्हणजे त्यातील इलेक्ट्रॉन काढून ते कोणाच्या तरी हवाली करायचे. आपण श्वासातून घेतलेला ऑक्सिजन शरीरात हेच काम करतो: अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन तो स्वीकारतो. मातीतल्या जिवाणूंचेही तसेच. हेक्साडेकेन हा डिझेलमध्ये आढळणारा एक साधा घटक घेतला, तर त्याचा एक किलो पूर्ण पचवण्यासाठी सुमारे साडेतीन किलो ऑक्सिजन लागतो. एवढा ऑक्सिजन साधारण साडेबारा घनमीटर हवेत असतो. एका लहानशा खोलीच्या निम्म्या भागात मावेल इतकी हवा, तीही एका किलोसाठी. तेलाने भरलेल्या मातीत तर छिद्रेच बुजलेली असतात. वरचा वीतभर थर सोडला, तर खाली जिवाणू आहेत, अन्न आहे आणि श्वास नाही, अशी स्थिती असते.

म्हणून आजवरचे बहुतेक जैविक उपाय मातीला श्वास देण्याच्या खटपटीतून निघाले आहेत. माती उपसून पसरायची, वारंवार नांगरायची, तिच्यात नत्र आणि स्फुरद घालायचे. शंभर भाग कार्बनमागे दहा भाग नत्र आणि एक भाग स्फुरद असे ढोबळ प्रमाण त्यासाठी वापरले जाते. ढीग रचून त्यातून नळ्यांनी हवा खेळवण्याचीही पद्धत आहे. खर्च होतो तो उपसण्यावर, नांगरटीवर आणि पंपांवर. जिवाणू स्वतः फुकटच राबत असतात.

धातूवर श्वास घेणारे

ऑक्सिजन नसेल तर इलेक्ट्रॉन दुसऱ्या कोणाला देता येतात का? काही जिवाणूंनी ही सोय फार पूर्वीच करून ठेवली आहे. १९८७ साली अमेरिकेतील डेरेक लव्हली यांना पोटोमॅक नदीच्या गाळात असा एक जिवाणू सापडला, जो लोहाच्या गंजासारख्या संयुगांना इलेक्ट्रॉन देतो. त्याला पुढे जिओबॅक्टर मेटॅलिरिड्यूसेन्स हे नाव मिळाले. दुसऱ्याच वर्षी केनेथ नेल्सन यांनी न्यूयॉर्क राज्यातील ओनाइडा सरोवराच्या गाळातील एका जिवाणूचे वर्णन प्रसिद्ध केले. तो मँगनीजवर हेच करीत होता. आज तो शेवानेला ओनायडेन्सिस म्हणून ओळखला जातो. ज्या पदार्थावर हे जिवाणू ‘श्वास’ टाकतात तो घन असतो, पेशीच्या आत ओढून घेता येत नाही. म्हणून इलेक्ट्रॉन पेशीबाहेर पोहोचवण्याची तजवीज त्यांच्यापाशी असते. जिओबॅक्टरच्या अंगावरचे सूक्ष्म तंतू विजेच्या तारेसारखे काम करतात, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले; या तंतूंपैकी काही प्रत्यक्षात लोहयुक्त प्रथिनांच्या साखळ्या आहेत, हे २०१९ मध्ये उलगडले.

जो जिवाणू गंजलेल्या खड्यावर इलेक्ट्रॉन सोडतो, तो ग्राफाइटच्या कांडीवरही सोडू शकतो. कांडीला तार जोडली आणि तारेचे दुसरे टोक हवेच्या संपर्कातील दुसऱ्या कांडीला जोडले की झाला विद्युतघट. खालची कांडी ॲनोड, वरची कॅथोड. खाली जिवाणू तेलातले इलेक्ट्रॉन कांडीला देतात, ते तारेतून वर येतात आणि तेथे ऑक्सिजनला भेटून त्यांचे पाणी होते. ऑक्सिजनला मातीत खोलवर न्यावे लागत नाही. इलेक्ट्रॉनच ऑक्सिजनकडे येतात. या पद्धतीचे सारे मर्म एवढ्यात आहे. वीज हा तिचा आनुषंगिक लाभ. मूळ कल्पनाही नवी नव्हे: यीस्ट आणि जिवाणूंच्या मिश्रणातून विद्युतदाब मिळतो, हे इंग्लंडमधील डरहॅम येथील वनस्पतिशास्त्रज्ञ एम. सी. पॉटर यांनी १९११ मध्येच दाखवून दिले होते.

हे काम एकटा जिओबॅक्टर करीत नाही. लांब साखळ्या तोडणारे वेगळे, तुकड्यांचे ॲसिटेट करणारे वेगळे, आणि ते ॲसिटेट खाऊन इलेक्ट्रॉन कांडीपर्यंत पोहोचवणारा जिओबॅक्टर पंगतीत शेवटी बसलेला. शेवटच्याने पान उचलले नाही तर आधीच्यांचेही जेवण अडते. बाटलीतून एकच नामांकित जिवाणू आणून ओतला आणि माती स्वच्छ झाली, अशा जाहिराती म्हणूनच सावधपणे वाचाव्यात.

कांडीचे महत्त्व कशात, हे अमेरिकेतील बेमिजी या गावाजवळच्या एका अपघाताने नकळत शिकवले. २० ऑगस्ट १९७९ रोजी तेथे तेलवाहिनी फुटली आणि सुमारे १७ लाख लिटर कच्चे तेल जमिनीवर सांडले. बरेचसे उपसले, जाळले. लाखो लिटर जमिनीत मुरले. १९८३ पासून अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने ती जागा खुली प्रयोगशाळा म्हणून जपली आहे. तेथे दिसले ते असे की, जमिनीतील लोहसंयुगांवर श्वास टाकत जिवाणूंनी भूजलात विरघळलेले बेंझीन आणि टोल्युईन मोठ्या प्रमाणावर खाल्ले, त्यामुळे दूषित पाण्याचा पट्टा फार लांब पसरू शकला नाही. परंतु लोहाचा साठा मर्यादित असतो. जेथे तो संपतो तेथे जिवाणूंची गती मंदावते आणि पट्टा हळूहळू पुढे सरकतो. कांडी ही न संपणाऱ्या लोहासारखी आहे. वर हवा आहे तोवर ती इलेक्ट्रॉन घेतच राहते.

विजेचा हिशेब

‘जिवाणूंपासून वीज’ हा मथळा वाचकाला चटकन भुरळ घालतो, म्हणून हिशेब मांडलेला बरा. एक किलो हेक्साडेकेन पूर्ण पचले तर त्यातून सुमारे ४ कोटी १८ लाख कूलंब इतका विद्युतभार मिळतो. आकडा मोठा वाटतो. पण मातीतल्या घटातून वाहणारा प्रवाह फार क्षीण, लहान घटात बहुधा मिलिअँपियरमध्ये मोजण्याजोगा असतो. समजा १०० मिलिअँपियर सतत वाहिले, तर एका किलो तेलातले सारे इलेक्ट्रॉन बाहेर यायला १३ वर्षे लागतील. आणि दाब ०.३ व्होल्ट धरला तर तेवढ्या काळात मिळणारी शक्ती ०.०३ वॅट, घरातला ९ वॅटचा एक दिवा पेटवायला असे ३०० घट लागतील. गावाला वीजपुरवठा वगैरे बाबी मनातून काढून टाकलेल्याच चांगल्या.

याच हिशेबातून दुसरी गोष्टही दिसते. प्रवाह वाढवायचा तर कांडीचा पृष्ठभाग वाढवावा लागतो, म्हणजे एका जाड दांड्याऐवजी कार्बनचे कापड, जाळी, किंवा मातीत मिसळलेला कोळशाचा चुरा. आणि प्रवाह मोजता येतो, हा फायदा विजेपेक्षा मोलाचा आहे. जमिनीखाली सहा फुटांवर जिवाणू काम करीत आहेत की नाहीत, हे कळण्यासाठी एरवी भोके पाडून नमुने काढावे लागतात. येथे एक साधा मल्टिमीटर पुरतो: प्रवाह घटला म्हणजे एक तर माती वाळली, किंवा तार तुटली, किंवा कांडीजवळचे अन्न संपले.

प्रयोगांतील निष्कर्ष आशादायक आहेत, पण ते तपशिलासह वाचले पाहिजेत. चीनमधील तियानजिन येथील नानकाई विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये तेलाने दूषित खाऱ्या मातीवर इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचे घट वापरले. २५ दिवसांत साध्या मातीत ६.९ टक्के तेल घटले, तर घटाच्या ॲनोडजवळ १५.२ टक्के. वाढ दुपटीहून अधिक. मात्र ‘ॲनोडजवळ’ म्हणजे एका सेंटिमीटरच्या आत. विजेच्या तारेला जोडलेला जिवाणू फार दूरचे खाऊ शकत नाही, ही या पद्धतीची मोठी मर्यादा आहे. कांड्या किती अंतरावर रोवायच्या, यावर पुढचे बरेचसे संशोधन खर्ची पडले आहे.

सर्वांत साधे रूप इटलीच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये मांडले. समुद्रतळाच्या तेलकट गाळात ग्राफाइटचा दांडा उभा रोवायचा, खालचे टोक काळ्या चिखलात, वरचे टोक ऑक्सिजन असलेल्या पाण्यात. तार नाही, यंत्र नाही, वीज काढून घेण्याचा मोहही नाही. पाणबुड्याच्या श्वासनळीवरून त्यांनी त्याला ‘ऑइल स्पिल स्नॉर्कल’ म्हटले. निसर्गाने हा दांडाही आधीच घडवला होता: डेन्मार्कच्या आर्हूस उपसागराच्या गाळात एकमेकांना जोडून सेंटिमीटरभर लांब तंतू करणारे ‘केबल जिवाणू’ असतात आणि ते खालच्या थरातून वरच्या थरापर्यंत इलेक्ट्रॉन वाहून नेतात, हे २०१२ मध्ये सिद्ध झाले.

भारतातील वाटचाल

तेल खाणाऱ्या जिवाणूंचा इतिहास सांगताना आनंद मोहन चक्रवर्ती यांचे नाव टाळता येत नाही. बीरभूम जिल्ह्यातील सैंथिया गावी जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत असताना तेलाचे अनेक घटक पचवणारा स्युडोमोनास जिवाणू घडवला. त्याच्या पेटंटचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १६ जून १९८० रोजी पाच विरुद्ध चार अशा निकालाने सजीवावरील पेटंट मान्य झाले. जैवतंत्रज्ञान उद्योगाचा पाया त्या निकालाने घातला. तो जिवाणू मात्र समुद्रात सांडलेल्या तेलावर कधी सोडला गेला नाही.

भारतात प्रत्यक्ष शेतात उतरले ते दिल्लीच्या ‘टेरी’ संस्थेत बनवारी लाल आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेले ‘ऑइलझॅपर’. तेलाचे वेगवेगळे अंश खाणाऱ्या जिवाणूंचा हा संघ मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाच्या भुकटीत मुरवून पिशव्यांतून नेला जातो. तेल शुद्धीकरण कारखान्यांचा गाळ आणि तेलविहिरींभोवतीची माती यांवर त्याचा वापर झाला, आणि २००७ मध्ये ओएनजीसी व टेरी यांची संयुक्त कंपनीही उभी राहिली. ही पद्धत ऑक्सिजनवर चालते, तिच्यात वीज नाही. विद्युतघटांची पद्धत अजून या टप्प्याला पोहोचलेली नाही; जगभरात तिचे बहुतेक काम काचपात्रांत आणि पिंपांत झाले आहे, मोकळ्या जमिनीवर थोडेच.

पीथमपूरची काळी माती

पीथमपूर १९८० च्या दशकात उभे राहिले ते वाहन उद्योगावर. आयशर, पुण्याच्या फिरोदियांची बजाज टेम्पो (आताची फोर्स मोटर्स) अशा कंपन्यांनी तेथे कारखाने काढले, देशातील ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान चाचणीमार्गही तेथेच आहे. वाहन उद्योग म्हटला की कापणी-यंत्रांचे कूलंट, वंगण, जळके इंजिन ऑइल आणि टाक्यांच्या तळाचा गाळ आलाच. कायद्याने हा घातक कचरा असून तो नोंदणीकृत व्यवस्थेकडेच गेला पाहिजे. भोपाळचा कचरा ज्या केंद्रात जाळला गेला, ते तारपुरा गावालगतचे केंद्र मुळात अशाच औद्योगिक कचऱ्यासाठी उभारलेले आहे. पण तेल दूषित करते ते बहुधा मोठ्या कारखान्याच्या फाटकाआड नव्हे. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये, ट्रक थांबतात त्या मैदानावर, भंगाराच्या वाड्यात ते थेंबाथेंबाने मुरते आणि त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

माळव्याची काळी माती या कामाला अनुकूलही आहे आणि प्रतिकूलही. बेसाल्टपासून बनल्याने तिच्यात लोह भरपूर. लोहावर जगणाऱ्या जिवाणूंना ते मानवते. ओली असताना ती ओलावा धरून ठेवते आणि घटाला ओलावा हवाच, कारण कोरड्या मातीतून आयन सरकत नाहीत. परंतु फुगणाऱ्या चिकण कणांमुळे तिच्यातून पाणी आणि विरघळलेले पदार्थ अतिशय मंद हलतात, आणि उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात. भेग कांडीजवळून गेली की मंडल तुटले. एप्रिल ते जून या काळात ठिबकने पाणी देण्याची सोय नसेल, तर माळव्यात अशी व्यवस्था वर्षातले आठ-नऊ महिनेच चालेल. त्या भेगांतून तेल खालच्या मुरमापर्यंत आणि बेसाल्टच्या सांध्यांतून विहिरींपर्यंत जाते, हे अधिक चिंतेचे.

भोपाळच्या मातीचा प्रश्न तेलापेक्षा गुंतागुंतीचा आहे. तेथे सेविन म्हणजे कार्बारिल हे कीटकनाशक, ते बनवण्यासाठी लागणारे नॅप्थॉल, हेक्साक्लोरोसायक्लोहेक्झेन, क्लोरिनयुक्त बेंझिने आणि पारा अशी भेसळ आहे. यांतील कार्बारिल खाणारे स्युडोमोनास जिवाणू भारतीय मातीतूनच मिळाले असून मुंबईच्या आयआयटीतील प्रशांत फळे यांच्या प्रयोगशाळेने त्यांची पचनवाट पायरीपायरीने उलगडली आहे: कार्बारिल, त्यापासून नॅप्थॉल, पुढे सॅलिसिलेट आणि जेंटिसेट. हेक्साक्लोरोसायक्लोहेक्झेनवर दिल्ली विद्यापीठात रूप लाल यांनी दीर्घकाळ काम केले. क्लोरिनयुक्त रेणूंबाबत कांडीचा उपयोग उलट दिशेने होतो. जिवाणू कॅथोडवरून इलेक्ट्रॉन घेतात आणि क्लोरिनचे अणू एकेक करून काढून टाकतात. पाऱ्यापुढे मात्र सारेच हतबल. तो मूलद्रव्य आहे. जाळला, पुरला वा जिवाणूंना दिला तरी पाराच राहतो. म्हणून अशा जागी एकच एक उपाय सुचवणारा, मग तो भट्टीचा असो की जिवाणूंचा, अर्धेच सांगत असतो.

नियम कोणाला लागू

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २४ जुलै २०२५ रोजी दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. तोवर दूषित जागा ओळखल्या जात, पण पुढे काय करायचे याची कायदेशीर चौकट नव्हती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नोंदवलेल्या १०३ जागांपैकी अवघ्या ७ ठिकाणी उपचार सुरू झाले होते. नव्या नियमांनुसार जिल्हा प्रशासनाने संशयित जागांचा सहामाही अहवाल द्यायचा, राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी आणि त्यानंतर तीन महिन्यांत सविस्तर पाहणी करायची. दूषित करणाऱ्याकडून खर्च वसूल व्हावा; तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसेल तर केंद्र व राज्याने तो उचलायचा.

गोव्याच्या दृष्टीने यातील वगळलेल्या बाबी वाचण्याजोग्या आहेत. किरणोत्सारी कचरा, खाणकाम, समुद्रातील तेलप्रदूषण आणि घनकचऱ्याचे ढीग यांना हे नियम लागू नाहीत, कारण त्यांसाठी वेगळे कायदे आहेत. म्हणजे खाणींच्या टाकाऊ मातीचा आणि किनाऱ्यावरच्या तेलगोळ्यांचा प्रश्न येथे येत नाही. जमिनीत झिरपलेले इंधन मात्र येते. २०२४ च्या पावसाळ्यात दाबोळी-माटवे परिसरातील विहिरींच्या पाण्यात इंधन उतरल्याचे आढळले होते, ते याच प्रकारात मोडते. आणि पेट्रोलमधील बेंझीन, टोल्युईन हे बेमिजीच्या जिवाणूंनी ऑक्सिजनविना पचवलेलेच घटक आहेत. जांभा दगड लोहाने भरलेला असतो, ही त्यातली आणखी एक अनुकूल बाब. खारफुटीचा आणि खाजन जमिनींचा चिखल तर खारा, ओला आणि ऑक्सिजनशून्य, म्हणजे विजेला कमी रोध करणारा. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले, तेव्हा रायगडच्या खारफुटीत ते मुळांच्या जाळीत अडकले होते. तेथे नांगर चालत नाही, यंत्र उतरत नाही, आणि चिखल उपसायचा तर झाडेच उपटावी लागतात. दांडा मात्र मुळांच्या मधोमध हातानेही रोवता येतो.